१११११११११ चा वर्ग शून्यावर संपत नाही

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पानावर गेल्या रविवारी ‘अंकांचा मनोरा’ ही चौकट आली. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१ असे एकेक पायरीने जात शेवटच्या ओळीत नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३०० असा छापला आहे. खाली लिहिले आहे की हा मनोरा हवा तितका वाढवता येतो, आणि या शेवटच्या संख्येला १, १११११११११ व ती स्वतः एवढेच विभाजक आहेत. संख्या चुकली आहे आणि दोन्ही विधानेही चुकली आहेत. अशा चौकटी मुले कापून वहीत चिकटवतात, तेव्हा शुद्धिपत्र यायला हवे. मात्र ‘अमुक ऐवजी तमुक वाचावे’ एवढ्यावर ते भागवू नये, कारण पाचवीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांना पुरेल इतका ऐवज या एका संख्येत आहे.

बरोबर संख्या १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. मोठ्याने वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील दशगुणोत्तर संज्ञा लावल्या तर डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे. हिंदीतल्या नील, पद्म, शंखाशी या संज्ञांची सरमिसळ करू नये. तिकडचे पद्म म्हणजे १ वर पंधरा शून्ये आणि लीलावतीतले महापद्म म्हणजे १ वर बारा, म्हणजे सरळ हजारपटीचा घोटाळा. कोटीत वाचणे सुरक्षित.

आधी चुकीच्या शेपटाबद्दल. एककस्थानी १ असलेल्या कोणत्याही संख्येचा वर्ग एककस्थानी १ च देतो, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. दोन शून्यांवर संपणाऱ्या संख्येला २ ने आणि ५ ने भाग जातो. १११११११११ ला यांपैकी कशानेच जात नाही, मग तिच्या वर्गाला कुठून जाणार? ही ‘००’ कुठून आली असावीत याचा अंदाज मात्र सहज बांधता येतो. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा सार्थ अंक ठेवते आणि पुढच्यांच्या जागी शून्ये भरते. सतरा अंकी उत्तरातले शेवटचे २१ त्यामुळे गेले. सुरुवातीला घरात १.२३४५७ई+१६ असे काहीतरी दिसते. मांडणी बदलून ‘संख्या’ निवडली की सतरा अंक उमटतात आणि पाहणाऱ्याला वाटते, आता पूर्ण उत्तर मिळाले. डेबिट कार्डाचे सोळा अंकी क्रमांक एक्सेलमध्ये साध्या संख्येसारखे भरले की शेवटचा अंक शून्य होतो, तोच हा प्रकार. क्रमांक आधीच मजकूर म्हणून भरावा. पण मजकूर म्हणून भरलेला वर्ग काही एक्सेल काढून देत नाही.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला विचारले तर ते आणखी वेगळे उत्तर देते: १२३४५६७८९८७६५४३२०. त्याचे कारण निराळे आहे. तिथे साधी संख्या ५३ द्विमान अंकांत साठवली जाते. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका बसतो, त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या त्या पट्ट्यात पडते आणि विषम आहे, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते. दहा अंकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर १.२३४५६७८९९ × १०^१६ दाखवतो. तिथला शेवटचा ९ फसवा आहे: खरा अंक ८, पण त्याच्या पुढे ७ असल्याने तो वर ढकलला गेला. पायथन या संगणकभाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, उत्तर अचूक येते. मात्र १११११११११ पुढे दशांश चिन्ह टाकले की पुन्हा तोच ५३ अंकांचा घोळ.

साध्या दहा अंकी कॅल्क्युलेटरवरही अचूक उत्तर काढता येते, फक्त संख्या फोडून घ्यावी लागते.  इथेच मुले घर चुकतात. नेमके फोडायचे ते असे: शेवटचे चार अंक वेगळे काढा. डावीकडे उरतात पाच एक. म्हणून १११११११११ = ११,१११ × १०,००० + १,१११. आता ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१. ११,१११ आणि १,१११ यांच्या गुणाकाराची दुप्पट २,४६,८८,६४२. १,१११ चा वर्ग १२,३४,३२१. पहिल्यावर आठ शून्ये, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर काही नाही, आणि तिन्हींची बेरीज कागदावर:

१२३४५४३२१०००००००० + २४६८८६४२०००० + १२३४३२१ = १२३४५६७८९८७६५४३२१.

मनोरा तयार का होतो हे मात्र फोडणीत दिसत नाही. त्यासाठी शाळेतला लांब गुणाकारच मांडायला हवा. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ तीच, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. एककाच्या घरात एकच १ पडतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. नवव्या घरात नऊच्या नऊ ओळींचा १ असतो, आणि तिथून पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा असे उतरत सतराव्या घरात पुन्हा एकच १ उरतो. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या घरातल्या एकांची मोजदाद. कुठल्याही घराची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही. सगळ्या घरांतले १ मिळून ९ × ९ = ८१, म्हणून अंकांची बेरीजही ८१. यात जादू नाही, आणि नाही हेच मुलांना दाखवण्यासारखे आहे.

दहा एक घेतले की दहाव्या घरात दहा १ जमतात. ० लिहायचा, हातचा १. पुढच्या घरात ९ होते, हातचा धरून १०. पुन्हा ०, हातचा १. त्यापुढच्या घरात ८ होते, तिथे ९ झाले आणि हातचा थांबला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचताना ७ नंतर एकदम ९, मग दोन शून्ये; उलट वाचले तर ही संख्या वेगळीच. म्हणजे मनोरा नवव्या पायरीवर संपला. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, तोही उलटसुलट सारखा नाही. प्रत्येक हातचा म्हणजे एका घरातले १० जाऊन शेजारच्या घरात १ येणे, म्हणून दर हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते. दहा एकांना हातचे दोन, तेव्हा १०० मधून १८ जाऊन ८२. अकरा एकांना हातचे चार, तेव्हा १२१ मधून ३६ जाऊन ८५. मुलांनी उत्तर ताडून पाहायला ही चांगली खूण आहे.

नवव्या पायरीचा मान ९ या अंकाला नाही, दशमान पद्धतीला आहे. अष्टमान पद्धतीत लिहिले तर सात एकांपर्यंत मनोरा टिकतो आणि आठव्याला मोडतो. द्विमानात तर दुसऱ्याच पायरीवर: ११ × ११ = १००१, म्हणजे आपल्याकडचे ३ × ३ = ९.

मधला गळालेला ८ आणखी एका ठिकाणी भेटतो. १ ला ८१ ने भागले तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा नऊ अंकी आवर्ती दशांश येतो आणि त्यात ८ नाही. कारण तेच. १/८१ म्हणजे १/९ चा वर्ग, म्हणजे ०.१११… चा स्वतःशी गुणाकार. दशांशचिन्हानंतरच्या घरांत १, २, ३… ९, १०, ११ असे एक साचत जातात, १० चा हातचा ९ ला १० करतो आणि त्याचा हातचा ८ ला ९. अकरा एकांच्या वर्गाची सुरुवात १२३४५६७९०१ अशी होते ती याचमुळे. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की १११११११११ मिळतात, हा खेळ बहुतेक शिक्षक दाखवतात. त्याचे मूळ या हातच्यात आहे हे क्वचितच सांगितले जाते.

आता विभाजक. १११११११११ ही मूळ संख्या आहे असे चौकट लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले दिसते. अंकांची बेरीज ९, तेव्हा ९ ने भाग जाणारच. अवयव पाडायला तीन-तीन अंकांचे गट करावेत: १११ १११ १११, म्हणजे १११ × १००१००१. यातले १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो आणि भागाकार येतो ३३३६६७. एकूण १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

३३३६६७ मूळ आहे का, हे तपासताना खरा कस लागतो. तिचे वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे आहे (५७७ चा वर्ग ३३२९२९, ५७८ चा ३३४०८४), म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवे, आणि त्या आहेत १०६. पण फर्माच्या छोट्या प्रमेयाने (‘प’ या मूळ संख्येने ज्या संख्येला भाग जात नाही, तिच्या प − १ व्या घाताला ‘प’ ने भागल्यावर बाकी १ च उरते) हे काम पुष्कळ हलके होते. ३३३६६७ ही ९९९९९९९९९ चा, म्हणजे १०^९ − १ चा विभाजक आहे. तेव्हा तिचा कोणताही मूळ अवयव एकतर ९९९ ला भागतो, म्हणजे ३ किंवा ३७ असतो, नाहीतर त्यातून १ वजा केल्यावर उरलेल्या संख्येला ९ ने भाग गेलाच पाहिजे. अवयव विषम असल्याने ती वजाबाकी सम, म्हणून १८ ने भाग जातो. ५७७ पर्यंत १८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या सतराच: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. त्यांनी भागले की १९ ला बाकी ८, १०९ ला १८, १६३ ला ६, शेवटच्या ५७७ ला १६१. शून्य कुठेच नाही. ३ ने भाग जात नाही, कारण अंकांची बेरीज २८. ३३३६६७ मूळ आहे, हे अर्ध्या तासात कागदावर सिद्ध होते.

म्हणून आपल्या संख्येचे अवयव ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२. विभाजकांची संख्या काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचे: ५ × ३ × ३ = ४५. तीन नव्हे, पंचेचाळीस. त्यांतले २२ वर्गमुळापेक्षा लहान, २२ मोठे आणि मधला १११११११११ स्वतःच आपला जोडीदार. पूर्ण वर्गाला विभाजक नेहमी विषम संख्येने असतात ते यामुळेच. लहान बावीसपैकी पंधरा ३ आणि ३७ यांच्याच घातांतून होतात: १, ३, ९, २७, ३७, ८१, १११ असे ११०८८९ पर्यंत. उरलेले सात म्हणजे ३३३६६७ ची १, ३, ९, २७, ३७, ८१ आणि १११ पट. ही यादी सातवीतले मूल करू शकते.

संख्या स्वतः सोडून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ भरते. संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त, पण संख्येपेक्षा बरीच कमी, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण नव्हे आणि अधिकही नव्हे. स्मिथ संख्या म्हणून एक वर्ग आहे, ज्यात संख्येच्या अंकांची बेरीज आणि तिच्या मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी येते. १९८२ मध्ये ॲल्बर्ट विलान्स्की यांनी आपल्या मेव्हण्याच्या ४९३७७७५ या फोन क्रमांकावरून हे नाव दिले. इथे अवयवांची बेरीज १२ + २० + ५६ = ८८ येते आणि संख्येची ८१, तेव्हा त्या पंगतीतही ती बसत नाही. पायथागोरसच्या त्रिकुटात मात्र झकास बसते. विषम संख्येचा वर्ग दोन लगतच्या संख्यांत फोडला की त्रिकूट तयार होते. इथे बाजू १११११११११ आणि ६१७२८३९४९३८२७१६०, कर्ण ६१७२८३९४९३८२७१६१.

चौकटीत सर्वांत खटकले ते हे, की या मनोऱ्याला नाव आहे आणि ते नाव आपल्याच माणसाने दिलेले आहे, याचा उल्लेख नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. १, १२१, १२३२१ या माळेला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले, ते तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या स्थानकावरून, आजचे डोंबिवली. त्यांचा याविषयीचा निबंध १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि जगाने दखल घेतली. आपल्याकडची वर्तमानपत्रे त्यांची आठवण काढतात ती बहुतेक वेळा ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’पुरती.

कापरेकरांनी संख्यांसाठी ज्या चाळण्या केल्या त्यांतून ही सतरा अंकी संख्या गाळून पाहिली तर मजा येते. पहिली डेम्लोची. संख्येचे तीन तुकडे करायचे: डावा, मधला आणि उजवा. मधल्यात एकच अंक हवा, आणि डाव्या-उजव्याच्या बेरजेत सगळीकडे तोच अंक यायला हवा. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मध्ये ३. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्ये ९. उत्तीर्ण.

दुसरी हर्षद संख्येची: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला पाहिजे. बेरीज ८१, आणि अवयवांत ३^४ आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. मनोऱ्याच्या नऊ पायऱ्यांत हर्षद फक्त तीन: पहिली, तिसरी आणि नववी. एकांची जितकी संख्या तितक्याने त्या एकांच्या संख्येला भाग जायला हवा, आणि नऊपर्यंत ते १, ३ व ९ यांनाच जमते. १२१ ला ४ ने भाग जात नाही, १२३४३२१ ला १६ ने जात नाही. विषम संख्येला सम संख्येने भाग जाणारच नाही, त्यामुळे सम पायऱ्या आधीच बाद. पाच एकांची संख्या ५ वर संपत नाही, आणि सात एकांचे अवयव २३९ × ४६४९, त्यात ७ नाही.

तिसरी चाळणी स्वयंभू संख्येची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी येते ती ‘जन्मलेली’. अशी जिला कुणीच जनक नाही ती स्वयंभू. सतरा अंकी संख्येचा जनक शोधायचा म्हणजे गवतात सुई, असे वाटेल. पण तसे नाही. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३, तेव्हा जनक फार तर १५३ ने लहान, म्हणजे बदलतील ते शेवटचे तीन अंकच. आधीच्या चौदा अंकांची बेरीज ७५ कायम. शिवाय आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीजही ९ च्या पाढ्यातलीच हवी. आता ३२१ मधून ९, १८, २७ असे वजा करत जा आणि उरलेल्या तीन अंकांची बेरीज ७५ मध्ये मिळवून वजा केलेल्या संख्येशी जुळते का पाहा. ७२ ला २४९ उरतात, ७५ + १५ = ९०, जुळत नाही. ८१ ला २४० उरतात, ७५ + ६ = ८१, जुळले. ९० ला २३१, पुन्हा ८१, नाही. १५३ पर्यंत दुसरे कुठेच जुळत नाही. म्हणून जनक एकच: १२३४५६७८९८७६५४२४० आणि त्यात ८१ मिळवले की आपली संख्या. स्वयंभूच्या चाळणीत ती अनुत्तीर्ण.

चौथी कापरेकर संख्येची, आणि इथे प्रश्न वर्गमुळाला विचारायचा. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा ८८२०९, ८८ + २०९ = २९७. १११११११११ चा वर्ग उजवीकडून नऊ अंकांवर तोडला तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. हवे होते १११११११११, आले त्याच्या नऊपट. म्हणजे कापरेकर संख्या नव्हे. पण ९९९९९९९९९ स्वतः आहे, तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१ तसाच तोडून पाहावा. या बेरजेतून आणखी एक गोष्ट फुकट मिळते: आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार तोच ८ गळालेला १२३४५६७९.

या मनोऱ्याची ओळख आपल्याकडे कापरेकरांच्याही आधीची आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी अशी वर्णिली आहे. ती सहा एकांचा वर्ग, आणि ४४१ × २७९९४६८१ असाही तिचा गुणाकार मांडता येतो (२१ चा वर्ग गुणिले ५२९१ चा वर्ग).

शुद्धिपत्र जुळवताना पुन्हा अंक चुकू नयेत म्हणून तीन कसोट्या आपल्या मुद्रितशोधकांच्या हाती द्याव्यात. पहिली नऊची: अंकांची बेरीज ८१. छापलेल्या चुकीच्या संख्येची बेरीज ७८ येते, तेव्हा ती इथेच सापडली असती. पण दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज बदलत नाही. त्यासाठी दुसरी, अकराची: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा ४१ आणि ४०, वजाबाकी १. मधल्या ८ आणि ९ ची जागा बदलली तर ही वजाबाकी उलटते आणि चूक उघडी पडते. एक घर सोडून पलीकडच्या अंकाशी अदलाबदल झाली तर मात्र अकराची कसोटीही गप्प बसते. तेव्हा तिसरी, सदतीसची: उजवीकडून तीन-तीनचे गट, १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, म्हणजे ३७ × ८१. त्या तऱ्हेची अदलाबदल ही कसोटी पकडते. छापतानाही सतरा अंक सलग न ठेवता १२ ३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१ असे मोकळे ठेवले तर मुलांना गट दिसतील.

पुढच्या रविवारी कोडे म्हणून बारा एकांचा वर्ग विचारावा, आणि कॅल्क्युलेटर वापरू नये अशी अट घालण्याची गरज नाही. तो तसाही पुरा पडणार नाही. उत्तर १२३४५६७९०१२३२०९८७६५४३२१. हातचे सहा, अंकांची बेरीज १४४ वजा ५४, म्हणजे ९०.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक, नाशिक रोड